मेसच्या मामांचं हसू आणि करंटचं मशीन

सकाळचे साडेसहा. मेसचे मामा पोह्यांची कढई उतरवत होते आणि त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा खाली ओघळला होता. हे आम्ही चौघांनी पाहिलं. चौघेही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्यातले दोघे इन्स्ट्रुमेंटेशनचे. एकजण म्हणाला, "मामा, रात्री पंख्याखाली झोपलात ना? वारं लागलंय." मामांनी मान डोलावली. आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं, चहा दिला. चहा डाव्या कोपऱ्यातून बनियनवर ओघळला, तेव्हा कोणीतरी "मामा, बाळ झालात" असं म्हणालं आणि सगळे हसले. मामाही हसले. गंमत म्हणजे हसताना त्यांचं तोंड जवळजवळ सरळ दिसलं, त्यामुळे आम्ही आणखीनच निर्धास्त झालो आणि लेक्चरला गेलो.

दहा वाजता त्यांच्या डाव्या हातातून झारा पडला. मग धावपळ. रेक्टर सर मीटिंगमध्ये, ते बाहेर येईपर्यंत अर्धा तास. आधी जवळचा दवाखाना, तिथून "मोठ्या हॉस्पिटलला न्या". सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणी पोचलो तेव्हा एक वाजत आला होता.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोंड वाकडं कधी झालं हा नव्हताच. त्यांनी विचारलं, "शेवटचे ठणठणीत कोणी, कधी पाहिले?" हाताखालच्या पोऱ्याने सहाला त्यांना भट्टी पेटवताना पाहिलं होतं. म्हणजे घड्याळ सहाला सुरू झालं. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. साडेदहाला ती वेळ संपली होती. मोठी वाहिनी तुंबली असेल तर तारेने गुठळी ओढून काढता येते, आणि निवडक रुग्णांत ते २४ तासांपर्यंतही करतात. मामांची वाहिनी बारीक होती, त्यामुळे तोही मार्ग नव्हता. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार मोठी वाहिनी बंद पडल्यावर मेंदूतल्या सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला मरतात. बारीक वाहिनीत आकडा लहान असेल, पण काटा त्याच दिशेने फिरतो.

चहाचं तर डॉक्टरांनी ऐकलं आणि ते चिडलेच. ज्याचं तोंड एका बाजूला ढिलं पडलंय त्याचा घसाही ढिला असू शकतो. चहा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया. गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि मित्राच्या पाकिटातली ॲस्पिरिन किंवा बीपीची गोळी तर मुळीच नाही, कारण गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटीशिवाय कोणालाच कळत नाही.

मामा आठवड्याने घरी आले. हात बराच सुधारला होता, चेहरा नाही. बोलताना "प, फ, ब" फुसकन् निघून जायचे. जेवताना घास डाव्या गालात अडकून राहायचा आणि त्यांना तो कळायचाच नाही. मामा मेसमध्ये यायला लाजू लागले. तोंडावर गमछा धरून बसायचे. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं आणि सोबत जायची पाळी माझ्यावर आली. तिथल्या टेबलावर एक करड्या रंगाचा डबा होता, त्यावर दोन नॉब आणि दोन वायरी. मामा त्याला "करंटचं मशीन" म्हणत. मी डबा पाहिला आणि मनात म्हटलं, हे तर ५५५ टायमर आणि एका छोट्या ट्रान्सफॉर्मरचं काम, रविवारी करून टाकू. मिनी प्रोजेक्टही होईल, मामांचं भाडंही वाचेल.

तो रविवार का आला नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

फिजिओच्या मॅडमनी मशीनला हात लावण्याआधी मामांना सांगितलं, "कपाळाला आठ्या पाडा." दोन्ही बाजूंना सारख्या आठ्या पडल्या. "आता दात दाखवा." डावी बाजू हललीच नाही. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कळलं का काही?" मला काहीच कळलं नव्हतं.

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस प्रत्येक बाजूला एक. ती मेंदूच्या देठातून निघते, कानामागच्या हाडातल्या बारीक बोगद्यातून बाहेर येते आणि गालावर फांद्या फोडते. या नसेला हुकूम देणारा अधिकारी वर, मेंदूच्या पृष्ठभागावर बसतो. खालच्या अर्ध्या चेहऱ्याला मुख्यतः समोरच्या बाजूच्या मेंदूकडून हुकूम येतो. कपाळाला मात्र दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून येतो. आपल्या भाषेत, कपाळाला दोन फीडर आणि तोंडाला एकच. मामांचा उजवा फीडर गेला. कपाळ डाव्या फीडरवर चालू राहिलं, तोंड अंधारात गेलं.

नसच त्या बोगद्यात सुजून दाबली गेली तर अर्धा चेहरा कपाळासकट पडतो आणि डोळाही मिटत नाही. त्याला बेल्स पाल्सी म्हणतात, चार्ल्स बेल या स्कॉटिश सर्जनच्या नावावरून. आमच्याकडे "वारं लागलं" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. पण इथे एक सावधगिरी. हे वाचून हॉस्टेलच्या खोलीत कोणी कपाळाची परीक्षा घेऊन निदान करायला बसू नये. मेंदूच्या देठातच झटका आला तर कपाळही पडू शकतं. अचानक वाकडं झालेलं तोंड म्हणजे १०८ ला फोन, बाकी चर्चा गाडीत.

आता इंजिनिअरिंगचा भाग. मामांच्या केसमध्ये नस शाबूत आहे, नस आणि स्नायू यांचं कनेक्शन शाबूत आहे, स्नायूही शाबूत आहे. बिघाड वरच्या कंट्रोल रूममध्ये आहे. बेल्स पाल्सीच्या वाईट केसमध्ये नेमकं उलटं. कंट्रोल रूम ठीक, केबल तुटलेली. बाहेरून दोन्ही चेहरे सारखे वाकडे, पण करंट सारखा चालत नाही. का, ते आपल्या आवडत्या आर-सी सर्किटवरून समजतं.

पेशीचं आवरण हे गळकं कपॅसिटर आहे. करंट सोडला की ते चार्ज होतं आणि ठराविक व्होल्टेजला पोचलं की पेशी "फायर" होते. पल्स लांब असेल तर थोडा करंट पुरतो, आखूड असेल तर जास्त लागतो. कितीही लांब पल्स दिली तरी किमान जेवढा करंट लागतोच, त्याला ऱ्हिओबेस म्हणतात. त्याच्या दुप्पट करंटला जेवढ्या लांबीची पल्स पुरते तिला क्रोनॅक्सी. हे दोन्ही शब्द फ्रान्सच्या लुई लापिक यांनी १९०९ साली रूढ केले. साधं आर-सी मॉडेल धरलं तर क्रोनॅक्सी म्हणजे टाइम कॉन्स्टंटच्या ०.६९३ पट. पहिल्या वर्षी रटलेला तोच लॉग दोन.

नसेची क्रोनॅक्सी एक मिलिसेकंदाच्याही आत असते. नस तुटलेल्या स्नायूची दहा मिलिसेकंद किंवा अधिक. हिशेब करून पाहू. समजा नसेची क्रोनॅक्सी ०.२ आणि नस तुटलेल्या स्नायूची २० मिलिसेकंद. दोघांना ०.३ मिलिसेकंदाची पल्स दिली. नसेला ऱ्हिओबेसच्या सुमारे दीडपट करंट पुरेल. स्नायूला जवळपास ९७ पट लागेल! इतका करंट सोडला तर स्नायू हलण्याआधी रुग्ण उठून जाईल, आणि त्याने जावंही.

म्हणून फिजिओच्या मशीनवर दोन प्रकार असतात. "फॅराडिक" म्हणजे ०.१ ते १ मिलिसेकंदाच्या आखूड पल्सेस, सेकंदाला ५० ते १००. ज्यांची नस जिवंत आहे त्यांच्यासाठी. "इंटरप्टेड गॅल्व्हनिक" म्हणजे १०० मिलिसेकंदांसारख्या लांब पल्सेस, मिनिटाला तीसेक. ज्यांची नस गेली त्यांच्यासाठी. नव्या मशीनवर पल्सची लांबी आणि फ्रिक्वेन्सी आकड्यांत लावतात. मामांना मॅडमनी लावलं ते पहिल्या प्रकारचं, करंट जेमतेम काही मिलिअँपिअर. चेहऱ्याचे स्नायू पातळ, त्वचेला चिकटलेले. मांडीला लागतो तेवढा करंट इथे चालत नाही.

पॅड गालाच्या हाडाखाली, ओठाच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या स्नायूवर. नॉब फिरवला आणि मामांचा ओठ टकाटक वर गेला. मला वाटलं, झालं काम. मामांना काय वाटलं ते आरशात दिसत होतं. ओठ हसत होता, डोळे घाबरलेले होते.

हे दृश्य जुनं आहे. गियोम ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेने हलवून फोटो काढले आणि १८६२ साली त्याचं पुस्तक केलं. त्याचा मुख्य नमुना एक दात पडलेला म्हातारा होता. त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली, म्हणून त्याला दुखत नसे. त्यातले काही फोटो डार्विनने १८७२ च्या भावनांवरच्या आपल्या पुस्तकात वापरले. ड्यूशेनला दिसलं ते असं. गालाचा स्नायू विजेने ओढला तर ओठ वर जातो, पण ते हसू खोटं वाटतं. खऱ्या हसण्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो, आणि तो सहसा मागून हलत नाही. फोटोग्राफरने "स्माइल प्लीज" म्हटल्यावर ग्रुप फोटोत आपली जी तोंडं होतात, ती पुन्हा काढून पाहा.

आणि इथे मला त्या सकाळचं कोडं सुटलं. मुद्दाम दात दाखवण्याचा हुकूम एका वाटेने येतो, विनोदाला आपोआप येणारं हसू बरंचसं दुसऱ्या वाटेने. मामांची पहिली वाट बंद झाली होती, दुसरी चालू होती. म्हणून चेष्टेला ते जवळजवळ सरळ हसले आणि आम्ही फसलो. तेव्हा कोणी "मामा, दात दाखवा, दोन्ही हात वर करा, एक वाक्य बोला" एवढं म्हटलं असतं तर साडेसहालाच कळलं असतं.

मॅडमना मी विचारलं, "स्नायू चांगलाच आहे, तर मग करंट कशाला?" त्यांनी मामांसमोर आरसा सरकवला. म्हणाल्या, "मामा, मशीन आवाज करेल. आवाज आला की तुम्ही स्वतः हसायचं. मशीनवर सोडून द्यायचं नाही." पाच सेकंद करंट, दहा-पंधरा सेकंद विश्रांती, असं वीसेक मिनिटं. मग मला म्हणाल्या, "अरे, गुडघा कधी वाकलाय हे डोळे मिटून सांगता येतं ना? तिथल्या स्नायूंत ताण मोजणारे सेन्सर असतात. चेहऱ्याच्या स्नायूंत ते जवळपास नसतातच. ओठ किती वर गेला, ते मेंदूला कातडीवरून कळतं नाहीतर आरशातून."

कंट्रोल सिस्टिमच्या पोरांना यापुढे सांगायला नको. फीडबॅकशिवाय लूप बंद होत नाही. करंटमुळे स्नायू हलतो, कातडी ताणली जाते, डोळ्यांना आरशात हालचाल दिसते, आणि त्याच क्षणी मामांचा मेंदू हुकूम सोडण्याची धडपड करत असतो. प्रयत्न आणि परिणाम एका वेळी पुन्हा पुन्हा घडले, तर मेंदूच्या वाचलेल्या भागात नवे जोड पक्के होतात. या कल्पनेची मांडणी डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये केली होती. म्हणून मामा मोबाईल बघत बसले असताना मशीन चालू ठेवणं म्हणजे अर्धं काम वाया. काही मशीनमध्ये रुग्णाच्या स्नायूतून येणारा अगदी क्षीण सिग्नल मोजतात. तो ठराविक पातळी ओलांडेल तेव्हाच करंट सुटतो. म्हणजे आधी तुम्ही प्रयत्न करा, मग मशीन मदत करेल. मला हे डिझाईन सगळ्यात प्रामाणिक वाटतं.

अर्धांगवायूत वीज अशी वापरायची कल्पना पायावर आधी यशस्वी झाली. १९६१ साली लिबरसन आणि सहकाऱ्यांनी बुटात स्विच बसवला. टाच उचलली की पोटरीच्या बाजूच्या नसेला करंट मिळे आणि लोंबणारं पाऊल वर येई. चेहऱ्याचं काम त्याहून नाजूक. आणि खरं सांगायचं तर पुरावाही त्याहून तोकडा आहे. झटक्यानंतरच्या चेहऱ्यावर झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत. बेल्स पाल्सीवरच्या उपचारांचा २०११ साली कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला, त्यात नुसत्या विजेने फायदा दिसला नाही. व्यायामाबाबत थोडी आशा दिसली. शिवाय अनेकांचा चेहरा पहिल्या काही आठवड्यांत आपोआपच सुधारतो, त्यामुळे मशीनवाला श्रेय घेऊन मोकळा होतो. तुलनेला दुसरा गट नसेल तर "वीस सिटिंगमध्ये गॅरंटी" या पाटीला काही अर्थ नाही. मॅडमनी स्वतःच सांगितलं की त्या मशीनला सोबती मानतात, मुख्य काम आरशासमोरचा व्यायाम, बोलण्याचा सराव आणि गिळण्याची काळजी.

आता माझं ५५५ वालं सर्किट. मी ते ब्रेडबोर्डवर जोडलं होतं, मॅडमना फोटोही दाखवला. पहिला प्रश्न त्यांचाच, "सप्लाय कुठून?" मी म्हटलं, मोबाईलच्या चार्जरवरून. स्वस्त चार्जरमध्ये मेन्सपासूनचं आयसोलेशन कसं असतं ते लॅबमध्ये आपण सगळ्यांनी बोटाला झिणझिण्या येऊन अनुभवलंय. त्याची वायर झटका येऊन गेलेल्या माणसाच्या गालावर?

दुसरी चूक आमच्या सरांनी काढली. माझी पल्स एकाच दिशेची होती. १० मिलिअँपिअर, ०.३ मिलिसेकंद, सेकंदाला ५० पल्सेस, म्हणजे सरासरी ०.१५ मिलिअँपिअर डीसी सतत कातडीतून. पॅडखाली चक्क इलेक्ट्रोलिसिस होतो, एका बाजूला आम्ल, दुसऱ्या बाजूला अल्कली, आणि कातडी भाजते. चांगल्या मशीनमध्ये प्रत्येक पल्सनंतर तेवढाच चार्ज उलट्या दिशेने परत घेतात, सरासरी शून्य. तिसरी गोष्ट मला अभिमानाची वाटत होती, ती म्हणजे कॉन्स्टंट करंट आउटपुट. कातडीचा रेझिस्टन्स बदलतो, म्हणून करंट स्थिर ठेवणं बरोबरच. पण पॅड अर्धा सुटला तर तोच करंट अर्ध्या जागेतून जातो आणि डेन्सिटी दुप्पट होते. म्हणजे पॅड सुटल्याचं ओळखून बंद पडणारं सर्किट हवं. माझ्याकडे ते नव्हतं.

ऑनलाइन मिळणारी बॅटरीवरची छोटी मशीनं याबाबतीत माझ्या ब्रेडबोर्डपेक्षा बरी, पण त्यातली पुष्कळ पाठ-कंबरेच्या दुखण्यासाठी असतात. चेहऱ्यावर ती आपल्या मनाने लावू नयेत. पेसमेकर असेल तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय अजिबात नाही. डोळ्यावर नाही, जखमेवर नाही, गळ्याच्या पुढच्या-बाजूच्या भागावर नाही, कारण तिथल्या मोठ्या धमनीपाशी रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा असते. फिट येत असतील तर आधी सांगायचं.

मामा तीन महिने जात होते. करंट पहिले पाच-सहा आठवडे, मग नुसता आरसा. मेसच्या हात धुवायच्या बेसिनवर जो तुटका आरसा होता त्याजागी पोरांनी वर्गणी काढून नवा लावला. सकाळी कांदा चिरून झाला की मामा तिथे उभे राहून गाल फुगवायचे, ओठांचा चंबू करायचे, "पापड, बटाटा, फोडणी" दहा-दहा वेळा म्हणायचे. आम्ही आधी हसायचो, नंतर रांगेत उभे राहून तेही मोजायला लागलो. डावा कोपरा अजून थोडा मागे आहे. दमले की जास्त दिसतो. पण चहा सांडत नाही, आणि उशिरा येणाऱ्यांना "पोहे संपले!" हे मामा आता पूर्वीइतकंच खणखणीत सांगतात.

रेक्टर सरांनी मेसच्या दाराला कागद लावलाय. दात दाखवायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा, वेळ लिहून ठेवा, काही खायला-प्यायला देऊ नका, १०८. आणि माझ्या मिनी प्रोजेक्टचा विषय बदलला. आता मी मशीन बनवत नाहीये, मशीन तपासणारा डबा बनवतोय. कातडीसारखा रेझिस्टर-कपॅसिटरचा लोड, त्यावर पल्सची लांबी, सरासरी डीसी आणि पॅड सुटल्यावर मशीन बंद पडतं का, हे मोजायचं. मॅडमनी त्यांचं जुनं मशीन सुट्टीच्या दिवशी तपासायला द्यायचं कबूल केलंय. स्टोरेज ऑसिलोस्कोप लॅबमध्ये एकच आहे आणि सबमिशनच्या आठवड्यात तो मिळणार नाही, तेव्हा ज्यांना यायचंय त्यांनी त्याआधी सांगा.